भत्ता की ताट? : प्रवासी नोकराच्या जेवणाचा हिशेब

‘भत्ता’ हा शब्द आपल्या सीमाभागात दोन वाटांनी कानावर येतो. मराठीत भत्ता म्हणजे पगाराशिवाय मिळणारी रक्कम : महागाई भत्ता, प्रवास भत्ता, रात्रपाळीचा भत्ता. कन्नडमध्ये ‘भत्त’ म्हणजे टरफलासकट असलेले भात, ज्याला आमच्याकडे साळ म्हणतात. पैशाच्या भत्त्याला तिथे ‘भत्ये’ असा वेगळा शब्द आहे. हे शब्द असे शेजारी राहतात हा केवळ योगायोग नसावा. कंपनी सरकारच्या काळात साहेबांच्या तोंडी जो ‘बत्ता’ रुळला, त्याचे मूळ इंग्रजी कोशकारांनीही कन्नड ‘भत्ता’त, म्हणजे तांदळात शोधले आहे. घर सोडून कामावर जाणाऱ्याला धनी आधी धान्य देई, पुढे धान्याऐवजी नाणे देऊ लागला, असा त्याचा अर्थ. मराठेशाहीच्या कागदांतही ‘शिधा’ आणि ‘रोजमुरा’ हे दोन शब्द भेटतात. एक पोटात जाणारी वस्तू, दुसरा हातात पडणारा पैसा.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. कामासाठी परगावी गेलेल्या नोकराला धन्याने जेवण द्यावे, की जेवणाचे पैसे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. ऊट आतेन री, जेवलात का, असे दोन्ही भाषांत रस्त्यात भेटेल त्याला विचारणारे आपण लोक. आपल्याला जेवण हा हिशेबाचा विषय वाटत नाही. पण ह्याच विषयावरून फौजा बिघडल्या आहेत. १७६६ साली क्लाइव्हने बंगालच्या फौजेतील गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुहेरी भत्ता बंद केला, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे देण्याचा कट रचला होता. पगाराला कोणी हात लावला नव्हता. भत्ता गेला होता. पोटासाठी म्हणून दिलेला पैसा माणूस किती लवकर आपल्या मिळकतीत धरू लागतो, ह्याचे हे जुने उदाहरण आहे.

आजच्या काळात हा वाद सर्वांत बारकाईने घालतात ते वैमानिक. विमान कंपनी वैमानिकाला परगावी हॉटेलची खोली देते हे सर्वमान्य आहे. मतभेद आहे तो जेवणावर. एक पद्धत अशी की वैमानिकाने आपले मूळ ठाणे सोडल्यापासून तिथे परत येईपर्यंतचे तास मोजायचे आणि तासाला ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. झोपेत गेलेले तासही ह्यात मोजले जातात, कारण झोपला तरी तो घरी झोपलेला नसतो. दुसरी पद्धत म्हणजे कंपनीने हॉटेलशी करार करून जेवण लावून द्यायचे. तिसरी, जी आपल्याकडच्या फिरत्या विक्रेत्यांना चांगली ठाऊक आहे, ती म्हणजे आधी खा, बिल आण, मग पैसे घे.

व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून पाहिले तर तिन्हींचे गुणदोष चटकन दिसतात. रोखीचा भत्ता हा आधी ठाऊक असलेला खर्च आहे. माणसे गुणिले दिवस गुणिले दर, संपले. जेवण लावून दिले की करार आला, निकृष्ट अन्नाच्या तक्रारी आल्या, उपवासाचा सोमवार आला, रमजानचा रोजा आला, माळकरी आला. शिवाय २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याने अन्नपदार्थ व केटरिंगवर भरलेल्या कराची वजावट सामान्यतः रोखून धरली आहे. ते जेवण देणे एखाद्या कायद्याने बंधनकारक असेल तरच ती मिळते. आणि बिलाच्या पद्धतीविषयी काय लिहावे? गावोगावच्या खानावळींत कोरी बिले मिळतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन रुपयांचा अविश्वास सांभाळायला चार रुपयांचा कारकून ठेवावा लागतो.

केंद्र सरकारने ह्यातून काढलेली वाट अभ्यासण्याजोगी आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ मध्ये, दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्याच्या जेवणासाठी बिले मागणे सोडून ठोक रक्कम ठरवली गेली. सर्वांत खालच्या पातळ्यांसाठी दिवसाला ५०० रुपये, सर्वांत वरच्यांसाठी १२००. ठाण्यापासून दूर राहिल्याचा काळ मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवसागणिक मोजायचा : ६ तासांच्या आत असेल तर ३० टक्के, ६ ते १२ तास असेल तर ७० टक्के, त्याहून अधिक असेल तर पूर्ण. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी चढला की ही रक्कम आपोआप २५ टक्क्यांनी वाढावी, असेही ठरवून ठेवले. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला. म्हणजे त्या हिशेबाने ५०० चे ६२५ झाले. ह्या ‘आपोआप’ शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्याचे मोल पुढे कळेल.

आता आपल्या रस्त्यावर येऊ.

निपाणीवरून जाणारा पुणे–बेंगळूरु महामार्ग रात्रभर जागा असतो. कोगनोळीच्या नाक्यावर रात्री दोन वाजता उभे राहिले तर जी माणसे दिसतात ती सगळी ह्या लेखाच्या विषयात बसतात : ट्रकचे ड्रायव्हर, क्लीनर, दोन्ही राज्यांच्या एस.टी.चे चालक-वाहक. आमच्या गल्लीत एक निवृत्त वाहक काका राहतात. त्यांची निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी गाडी आडगावी न्यायची, रात्री तिथेच राहायचे, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. ते सांगतात की त्या काळी रात्रीच्या भत्त्यात काय येत होते ते विचारू नये, पण गावात जेवणाची ददात कधी पडली नाही. पाटलाच्या घरून, नाहीतर शाळेच्या मास्तरांकडून भाकरी-आमटी यायची. झोपायला देऊळ होते. म्हणजे भत्ता देत होते महामंडळ आणि जेवण देत होते गाव. अर्थशास्त्राच्या भाषेत हे गावाने वाहतुकीला दिलेले अनुदान झाले. पण कुठल्याही ताळेबंदात ते सापडायचे नाही.

माझे वडील ट्रक चालवतात. मालकाच्या दोन गाड्या आहेत. कधी तंबाखू, कधी गूळ, कधी साखर. पगार ठरलेला, आणि वर खेपेगणिक भत्ता. हा भत्ता घरी कसा येतो ते मी लहानपणापासून पाहिले आहे. कडधान्याच्या डब्यांमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात आई खेपेतून उरलेले पैसे टाकते. पगार किराणा, भाडे, औषध ह्यांत जातो. माझी पी.यू.सी.ची फी आणि बी.कॉम.ची पहिली दोन वर्षे त्या डब्यातून गेली. म्हणून मी हा विषय अगदी तटस्थपणे लिहितो आहे असा दावा करणार नाही.

डब्यात पैसे उरतात ते कसे? एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा दिवसाचा भत्ता ३०० रुपये आहे आणि महिन्यातून २० दिवस बाहेर जावे लागते. ड्रायव्हर घरून भाकरी आणि खरडा बांधून नेतो, एक वेळ ढाब्यावर जेवतो, दोन-चार चहा पितो. १४० रुपये खर्च होतात. १६० उरले. महिन्याचे ३२०० झाले. आता भत्ता आहे तसाच ठेवा आणि जेवणखाण दर वर्षी ६ टक्क्यांनी महाग होऊ द्या. पाच वर्षांनी तेच खाणे सुमारे १८७ रुपयांना पडेल आणि महिन्याची शिल्लक २२५० च्या आसपास येईल. दहा वर्षांनी खर्च सुमारे २५१, शिल्लक हजाराच्या आत. तेराव्या वर्षी भत्ता आणि खर्च बरोबरीला येतात. (तेरावे घालायला हे वर्ष योग्यच म्हणायचे.) ह्या तेरा वर्षांत मालकाने एक पैसाही कापलेला नाही. त्याने फक्त काही केले नाही, इतकेच. जेवण द्यायचे असते तर भाव वाढल्याची झळ त्याला लागली असती. पैसे दिल्यामुळे ती ड्रायव्हरला लागली. ताट आणि भत्ता ह्यांतील खरा फरक चवीचा नाही. महागाई कोणी सोसायची आणि काटकसरीचा फायदा कोणी घ्यायचा, हा तो फरक आहे.

तरीही, जेवण की पैसे असे मी वडिलांना विचारले तेव्हा ते क्षणभरही थांबले नाहीत. “मालकानं ताट वाढलं तर त्यात काय वाढायचं ते त्यो ठरवणार. पैसं दिलं तर मी ठरवतो.” ह्यात स्वाभिमान आहे आणि व्यवहारही आहे. त्यांच्यासारख्या माणसाच्या आयुष्यात रोज स्वतः ठरवण्याजोग्या गोष्टी फार नसतात. गाडी कुठे न्यायची, कधी निघायचे, कुठला माल भरायचा, हे दुसरेच सांगतात. कुठल्या ढाब्यावर थांबायचे एवढे तरी त्यांचे असते.

पण ह्या स्वातंत्र्याला एक काळी बाजू आहे आणि तिच्याविषयी आमच्या घरी फारसे बोलले जात नाही. भत्ता न खाता उरवता येतो, म्हणून न खाण्याचा मोह होतो. दोनदा जेवायच्या जागी एकदाच जेवायचे आणि मधला रस्ता चहा-बिडीवर काढायचा, असे करणारे ड्रायव्हर शेकड्यांनी असतील. वडिलांना गेली काही वर्षे पित्ताचा त्रास आहे; डॉक्टर वेळेवर जेवायला सांगतात. वेळेवर जेवणे म्हणजे डब्यात कमी पडणे, हे डॉक्टरांना कोणी सांगायचे? उपाशी आणि पेंगुळलेला माणूस चाकावर असताना समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा ह्या सगळ्या हिशेबात काहीच भाग नसतो. तरी धोका त्यालाही आहे. म्हणून मला वाटते की हा व्यवहार मालक आणि नोकर ह्या दोघांतला नाही. रस्त्यावरचा परका माणूस हा त्यातला तिसरा पक्ष आहे.

विमानाच्या जगात हा तिसरा पक्ष ओळखला गेला आहे. युरोपच्या नियमांत वैमानिकाला कामाच्या वेळेत खाण्यापिण्याची संधी मिळालीच पाहिजे, विशेषतः काम ६ तासांहून लांबत असेल तर, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याचे पोट हा प्रवाशांच्या सुरक्षिततेचा भाग मानला गेला. अर्थात कंपनीचे ताट म्हणजे सुरक्षितच, असेही नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपान एअर लाइन्सचे एक विमान अँकरेजहून कोपनहेगनकडे जात होते. न्याहारीच्या ऑम्लेटबरोबरच्या डुकराच्या मांसात एका स्वयंपाक्याच्या बोटावरच्या जखमेतून जंतू गेले होते. १९६ प्रवासी आणि एक कर्मचारी आजारी पडले. वैमानिकांच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे ती न्याहारीची वेळ नव्हती, त्यांनी ते ऑम्लेट खाल्ले नव्हते, म्हणून विमान उतरले. एका स्वयंपाकघरातून सगळ्यांना वाढले की चूकही सगळ्यांच्या पानात पडते. दोन वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये हा प्रघात अशा अनुभवांतून पक्का झालेला आहे.

आपल्या रेल्वेने फार पूर्वीच मधला मार्ग काढला, आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मिरजेसारख्या जंक्शनला गाडीच्या चालकांसाठी रनिंग रूम असते. झोपायला खाट, आणि स्वयंपाकी. पूर्वी चालक आपल्या पेटीतून स्वतःचा शिधा नेत आणि तिथला स्वयंपाकी तो शिजवून देई. शिधा ज्याचा त्याचा, चूल रेल्वेची. किलोमीटरप्रमाणे मिळणारा भत्ता वेगळा. म्हणजे काय खायचे ते माणसाने ठरवावे, आणि गरम मिळेल ह्याची हमी धन्याने द्यावी.

चुलीचे महत्त्व बंदच्या दिवशी कळते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावाने दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. कारणांत मी शिरत नाही. ह्या अंकाचे वाचक दोन्ही भाषांचे आहेत आणि मीही दोन्हींचाच आहे. पण हॉटेले बंद झाली की खिशातल्या भत्त्याची भाकरी होत नाही, हे मराठी चालकालाही कळते आणि कन्नड चालकालाही.

कायद्याने काय केले? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ह्या दोन्ही बाजूंचा विचार होता. रात्री जिथे थांबावे लागते तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी. शंभर किंवा अधिक कामगार रोज येतात तिथे उपाहारगृह काढायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला असावा. पाच कामगारांपासून हा कायदा लागू होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला, आणि तिथे वाहतूक व्यवसायासाठी संख्या दहा कामगार अशी आहे. दोन गाड्यांचा मालक जुन्या कायद्यातही क्वचितच सापडायचा. आता सहा-सात माणसांचाही सुटला.

कराच्या नियमांत मात्र ट्रकचा ड्रायव्हर आणि विमानाचा वैमानिक एकाच ओळीत बसले होते, ह्याची मला गंमत वाटली. सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडणारा आणि निपाणीच्या अड्ड्यावरून निघणारा, दोघेही ‘कोणत्याही वाहतूक व्यवस्थेतील कर्मचारी’. १९६२ च्या आयकर नियमांप्रमाणे, दैनिक भत्ता न घेणाऱ्या अशा कर्मचाऱ्याला वाहन चालवतानाच्या वैयक्तिक खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्यापैकी ७० टक्के, पण महिन्याला १०,००० रुपयांच्या मर्यादेत, करमुक्त होते. मालकाने कामाच्या वेळेत दिलेल्या जेवणाला सूट होती ती ताटामागे ५० रुपयांची. पुढे जुन्या कायद्याखालीच जी नवी करप्रणाली आली, तीत ही ७० टक्क्यांची सवलत ठेवली गेली नाही. दौऱ्यावरच्या दैनिक भत्त्याची ठेवली. अर्थात वडिलांच्या मिळकतीला आयकर लागत नाही, त्यामुळे ही गंमत वैमानिकापुरतीच.

वडिलांना लागणारा मुद्दा भविष्यनिर्वाह निधीचा आहे. १९५२ च्या त्या कायद्याने मालकाने दिलेल्या अन्नसवलतीचे पैशातील मोल वर्गणीसाठी महागाई भत्त्यात धरले. रस्त्यावरच्या खर्चापोटी दिलेला भत्ता हा नोकरीतला खास खर्च भागवण्यासाठी असल्याने तो वेतनात येत नाही. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. पण आमच्या पत्र्याच्या डब्यात जे पडत होते तो खर्च नव्हता, ती मिळकत होती. पगार अपुरा म्हणून भत्ता उरवायचा, आणि भत्ता म्हणून मिळालेल्या पैशावर ना निधी, ना बोनस, ना उपदान. म्हातारपणी हिशेब होतो तो पगाराचा. वेतन संहितेने ह्या पळवाटेला थोडा बांध घातला आहे : वेतनातून वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरचा भाग वेतनच धरायचा. निम्म्यापर्यंत मोकळीक आहे, हेही त्याच वाक्यात आले.

ह्या सर्व अभ्यासानंतर माझे मत भत्त्याच्या बाजूने आहे. पण तो बिलाशिवाय, तासांच्या हिशेबाने, महागाईबरोबर आपोआप वाढणारा, आणि जिथे रात्र काढायची तिथे चूल असावी ह्या अटीवर. पगार पोटापुरता हवा हे त्याच्याही आधी. नाहीतर कितीही भत्ता द्या, तो डब्यातच जाईल आणि माणूस उपाशीच गाडी चालवील.

केंद्र सरकारचा नियम मी वडिलांच्या एका खेपेला लावून पाहिला. मंगळवारी रात्री १० ला निपाणी सोडली, दावणगेऱ्याला माल उतरवला, गुरुवारी पहाटे ४ ला परत. मंगळवारचे २ तास, म्हणून ३० टक्के, बुधवार पूर्ण, गुरुवारचे ४ तास, पुन्हा ३० टक्के. एकूण १.६ दिवस. ६२५ च्या दराने बरोबर १००० रुपये. वडिलांचा मालक हे सगळे एक खेप धरतो. मी कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि तो खाकी शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला. मालकाला दाखवणार का, ते मी विचारले नाही. त्या रात्री पुन्हा गाडी होती.